सात ठिपक्यांची विहीर

उपग्रहाच्या नजरेतून पृथ्वीवरचं काहीही सुटत नाही. न्हावरे गावातली एक विहीर सुटली होती, कारण ती कडुलिंबाखाली आहे.

माझी भाची शिरूर-दौंडच्या भूजलावर पीएच.डी. करते. जमीन, पिकं आणि पाणी यांचे नकाशे संगणकावर एकावर एक ठेवायचे आणि कुठं काय बिघडतंय ते पाहायचं, याला जीआयएस म्हणतात. विहिरींची नोंद मात्र शेतकऱ्यांनीच मोबाइलवर करायची होती: मालकाचं नाव, जागा, आणि पाणी किती खोल. न्हावऱ्यात एकाच उसाच्या फडात सात विहिरी खेटून निघाल्या आणि नकाशावर लाल डाग उमटला. अतिउपशाचा पुरावा म्हणून तोच तिच्या प्रबंधाचा कणा होता, आणि सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. मार्गदर्शक खूश होते. ती नव्हती.

"मामा, इतक्या जवळ सात विहिरी कोण खणतं? गाडी काढा."

बांधावर एक आबा भेटले.

"सात कुठल्या? एकच हाय की. वाटेकरी सात."

"मग नोंदी सात कशा?"

"ज्याची त्यानं केली. माझी नोंद भावानं करायची, म्हंजी उद्या विहीर त्याची."

"पण आबा, प्रत्येकाची खोली वेगळी आहे."

"आसंलच. ज्याचा त्याचा वार ठरलेला हाय. आपली पाळी झाली की मापलं. दिवसभर मोटर चालल्याव पाणी तेवढंच ऱ्हातंय व्हय?"

मला वाटलं, दोन वर्षांची मेहनत गेली. ती मात्र काठावर बसली, वहीत सात वार लिहिले आणि कुणाची पाळी कधी, कुणाचं पीक काय, हे आबांना विचारू लागली. ऊसवाल्याच्या दिवशी पाणी खोल गेलेलं, कांदावाल्याच्या दिवशी पुन्हा चढलेलं.

"मामा, एका विहिरीचा अख्खा आठवडा मिळालाय," ती म्हणाली, आणि सहा ठिपके तिथंच पुसून टाकले.

नकाशांच्या जोरावर व्यासपीठं गाजवणारे मी पुष्कळ ऐकलेत. आपलाच पुरावा आपल्या हातानं खोडणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

सादरीकरणात लाल डाग नव्हता. मार्गदर्शक जरा हिरमुसले, मग पाळीच्या तक्त्यावर स्वतःच अर्धा तास बोलले.

त्या फडात आता एकच ठिपका आहे. सातही वाटेकऱ्यांशी चर्चा करून मालकाचा रकाना रिकामा ठेवला आहे.