हमदानच्या सीटवरचा डाग

दैफल्लाला किळस फार लवकर यायची. आम्ही दोघांनी बावीस वर्षं अकबा बंदर ते बगदाद या रस्त्यावर ट्रक हाकले. वाटेवरच्या टपरीत ग्लासावर बोटांचे ठसे दिसले, की हा पठ्ठ्या अख्खा चहा वाळूत ओतून द्यायचा. निवृत्त होऊन जॉर्डनमधल्या आमच्या गावी, मआनला परतल्यावर त्याने एका मेंढपाळाकडून गोल नाकाचा जुना मर्सिडीज ट्रक घेतला. केबिनमध्ये शेळ्या बसत होत्या. लेंड्या खरवडण्यातच आठवडा गेला. तीन वर्षं खपून त्याने बॉनेट ठोकून सरळ केलं, फाळक्यांवर निळी-पिवळी नक्षी काढली, काचेवर लोकरीचे गोंडे बांधले.

"बायकोला कधी एवढं सजवलंस का रे?" मी विचारलं.

"ती एवढा वेळ गप्प उभी राहत नाही," तो म्हणाला.

त्या वसंतात अम्मानजवळच्या मैदानात जुन्या ट्रकांचा मेळावा भरला. आम्ही दोघं त्याच ट्रकमधून गेलो. तिथे पोचलो आणि दैफल्लाचं तोंड वाकडं झालं. अर्ध्या गाड्यांनी जन्मात पोतं वाहिलं नव्हतं. चाकांत जांभळे दिवे आणि टपावर कर्णे, नुसता धिंगाणा.

सगळ्यात जास्त गर्दी एका लाल ट्रकपाशी होती. टप चेपलेला, दार वाकलेलं, आणि पुढे पाटी: 'हमदानचा शेवटचा ट्रक'. मालक मुअय्यद, चाळिशीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, हात हलवून सांगत होता, "इराकच्या सीमेपाशी, रुवैशेदजवळ वाळूचं वादळ आलं. ट्रक उलटला. हमदान इथेच गेला. हे बघा त्याचं रक्त!" सीटवर तपकिरी डाग होता. बायाबापड्या पोरांना त्या सीटवर बसवून फोटो काढत होत्या.

हमदान आमच्यातलाच. त्या वादळात दैफल्लाचा ट्रक त्याच्या मागेच होता. ते वाकलेलं दार पहारीने उघडून त्यानेच त्याला बाहेर ओढलं होतं.

दैफल्ला गर्दीतून पुढे गेला, सीटवर वाकला आणि डाग नखाने खरवडला.

"काका, हात लावू नका!" मुअय्यद ओरडला.

"हा रंग आहे."

"असेल. मूळचा पुसट झाला होता, जरा उजळ केला."

"मूळचा कुठला? स्टिअरिंगने त्याची छाती दबली होती. रक्ताचा थेंब सांडला नाही. माझ्या मांडीवर गेला तो. पाणी मागत होता."

मुअय्यदने आवाज खाली आणला. "काका, लोकांना काहीतरी बघायला लागतं."

दैफल्लाने खिशातून फडकं काढलं, शेजारच्या ट्रकपाशी ठेवलेल्या डिझेलच्या डब्यात बुडवलं आणि सीट घासू लागला. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मोबाइल वर झाले. एक बाई म्हणाली, "किती छान करतात हो हे आजोबा!"

तेव्हा मात्र तो ट्रकामागे जाऊन भडाभडा ओकला.

मी त्याची पाठ चोळत होतो, तेवढ्यात मुअय्यद पाण्याची बाटली घेऊन आला. मला वाटलं माफी मागेल. म्हणाला, "काका, मी दर शुक्रवारी हा ट्रक इथे मांडतो, याल का? तुमच्या तोंडून ऐकायला लोक लांबून येतील."

दैफल्ला त्याच्या बुटांवर थुंकला.

दुसऱ्या दिवशी तो हमदानच्या बायकोकडे गेला. उम्म सतामने सगळं ऐकलं, त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाली, "तो पाणी मागत होता, हे तू मला पस्तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

तिचा मुलगा सताम चार नातेवाईक घेऊन मुअय्यदकडे गेला. मुअय्यद नम्र झाला, मिठाई दिली, पाटी उतरवली. महिन्याभराने मी त्या मैदानावरून जाताना पाहिलं. नव्या पाटीवर कुणा 'फव्वाझ'चं नाव होतं, असा ड्रायव्हर त्या रस्त्यावर कधी झालाच नाही. आणि सीटवरचा डाग पुन्हा रंगवला होता, आधीपेक्षा मोठा.

दैफल्लाला सांगावं की नाही, दोन दिवस कळेना. शेवटी सांगितलं. तो ट्रकच्या चाकांना वंगण देत होता. हात न थांबवता म्हणाला, "अबू मुतलक, मी मेलो की ही गाडी भंगारवाल्यासमोर नेऊन उभी कर. तुझ्या डोळ्यांदेखत तुकडे झाले पाहिजेत. शपथ घे."

मी घेतली.