आत्याचं टॉनिक मी निवडलं

माझी आत्या शाळेतून एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशी घरी आली, तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आहारशास्त्र शिकत होते. दुसरी चप्पल वाटेत कुठं गळून पडली, ते तिला कळलंच नव्हतं. टी. नगरातली शाळा, मग मांबलम स्टेशनचं फाटक, मग आमची गल्ली, एवढं अंतर ती तशीच चालून आली होती. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. गणिताच्या मास्तरणी अशाच असायच्या, असं बाबा म्हणाले आणि विषय संपला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती तंजावरला माहेरी परत आली. आजोबांनी लोकांची बोलणी खाऊन तिला शिकवलं. पुढं बाबांना मद्रासला नोकरी लागली, तिला मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांचं गणित मिळालं, आणि आम्ही सगळे वेस्ट मांबलमला राहायला आलो. शाळेत तिचा असा दरारा होता की तिच्या तासाला पंख्याचा आवाजसुद्धा दबकून यायचा. घरी आली की मात्र ती सोवळ्यातली विधवा बहीण. सगळ्यांची जेवणं झाल्यावर कोपऱ्यात पाठ करून एकटी जेवायची, आणि तेव्हा तिच्याकडे कुणी बघायचं नाही, असा नियमच होता.

त्या वर्षी ती विसरू लागली. फळ्यावर सोडवून पुसलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून सोडवायची. समोरच्या मुलीला गेल्या वर्षीच्या मुलीच्या नावानं हाक मारायची. एकदा हजेरी दोनदा घेतली, आणि मुलींनी भीतीनं दोन्ही वेळा ‘हजर’ म्हटलं. हेडमिस्ट्रेस बाईंनी तिला खोलीत बोलावून सांगितलं की सहामाहीपर्यंत वाट बघू, नाहीतर विश्रांती घ्यावी लागेल. विश्रांती म्हणजे काय ते आत्याला बरोबर कळलं. घरात हे तिनं फक्त मला सांगितलं.

“घरीं बसले तर मीं काय करूं गे?” ती म्हणाली. “उरला जन्म लोणच्याला मीठ लावत बसूं?”

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मुलगी दुसरं काय म्हणणार! पाठ्यपुस्तकातलं मेंदू आणि मज्जातंतूंचं प्रकरण मला तोंडपाठ होतं, आणि ते कुणावर तरी चालवून बघायला मी उतावीळ झाले होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आईचा भर भिजवून वाटलेल्या पाच बदामांवर. भाजीवालीनं ब्राह्मीच्या जुड्या आणून दिल्या. इकडे तिला वल्लारै म्हणतात, आणि परीक्षा जवळ आल्या की सगळ्या मद्रासेतल्या पोरांना ती चटणीतून गिळावी लागते. शेजारच्या मामींचं मत असं की बायकांचा मेंदू मुळात नाजूक, त्यात गणित म्हणजे अतीच, तेव्हा डोक्याला एरंडेल थापून स्वस्थ पडावं. मी औषधाच्या दुकानात उभी राहून एकेका बाटलीचं लेबल वाचत होते. माशाच्या तेलाची बाटली आमच्या घरात उंबऱ्याबाहेरच राहिली असती. एका टॉनिकात लिव्हर होतं, तेही गेलं. एकावर पुस्तक वाचणाऱ्या बाईचं चित्र होतं. ते मी चित्रासाठी घेणार होते, पण त्यात वाइन निघाली. शेवटी ग्लिसरोफॉस्फेटचं टॉनिक, यीस्टच्या गोळ्या, बदाम आणि वल्लारै असं मी ठरवलं, आणि वहीत त्याचा तक्ता आखला.

गुण येतो की नाही, हे शास्त्रानुसार तपासायचं होतं. म्हणून रोज संध्याकाळी मी आत्याला तोंडी गणितं घालू लागले. तिच्याच जुन्या अंकगणिताच्या पुस्तकातून, पानामागून पान, रोज दहा. पहिले दोन महिने तिला चार, कधी पाच यायची. उत्तर देताना ती माझ्याकडे अशी बघायची की मला पुस्तक मिटावंसं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात सात आली. चौथ्याच्या सुरुवातीला नऊ. मी तक्त्यावर लाल पेन्सिलीनं चढती रेघ काढली आणि ती घरभर दाखवली. गल्लीतल्या चार बायकांनी माझ्याकडून तीच यादी लिहून नेली, त्यांत एरंडेलवाल्या मामीही होत्या. मी इतकी शेफारले की विचारू नका.

शाळेतून मात्र चांगली बातमी येत नव्हती. आत्या रस्त्यानं भिंतीला हात लावून चालायला लागली होती. पायांना मुंग्या येतात म्हणायची, जेवताना तिखट लागलं की जीभ चुरचुरते म्हणायची. मी म्हणे, वय झालं. तक्ता तर वर चालला होता ना!

चौथा महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी वीज गेली आणि जिवाची काहिली झाली. आत्या ओसरीवर बसून ताडाच्या पंख्यानं वारा घेत होती. माझ्या तोंडी परीक्षेच्या वेळी तो पंखा हल्ली रोजच तिच्या हातात असायचा. ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा मी तो उचलला. त्याच्या एका बाजूला बारीक पेन्सिलीनं दहा आकडे लिहिले होते, एकाखाली एक. मी पुस्तक उघडून बघितलं. पुढच्या पानावरच्या, मी अजून न विचारलेल्या दहा गणितांची ती उत्तरं होती, आणि ओळीनं सगळी बरोबर.

ती बाहेर आली. माझ्या हातात पंखा बघून दारातच थांबली. परीक्षेत कॉपी केली म्हणून हिनं एका मुलीचं अख्खं वर्ष बुडवलं होतं, हे मला माहीत होतं. मला आधी राग आला, आणि मग तिचा चेहरा बघून फार वाईट वाटलं.

“तूं एवढं मेहनत करून औषध काढलीस,” ती म्हणाली. “तें नापास झालेलं मला बघवेना.”

दुपारच्या सुट्टीत, कागदावर, एकेका गणिताला चारचार वेळा खोडून ती ती उत्तरं काढायची, असं तिनं मग सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला टी. नगरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी औषधांची माझी यादी बघितलीही नाही. त्यांनी आत्याची जीभ पाहिली, ती लालभडक आणि गुळगुळीत झाली होती. मग चिमट्यासारखा दोन टोकांचा एक धातूचा काटा टेबलावर आपटून तो थरथरत असताना तिच्या घोट्याला लावला आणि विचारलं, काही जाणवतं का? आत्या म्हणाली, काहीच नाही. मग त्यांनी तमिळमध्ये माझ्याकडे वळून विचारलं की या जेवतात काय.

मी म्हटलं, भात, सार, भाजी, दूध, दही. आत्या खाली बघत होती. बाईंनी तिला पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूपही नाही. गेली सहा वर्षं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही सगळे काशीला गेलो होतो. तिथं आवडीचा एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा असतो. बाबांनी कारलं सोडलं, जे त्यांनी कधी तोंडात घातलं नव्हतं. आईनं फणस सोडला, कारण तिला तो बाधायचा. आत्यानं काय सोडलं ते तिनं सांगितलं नाही. सोडलेलं सांगायचं नसतं, असं ती मानायची. तिला दूध फार आवडायचं. आणि गणिताची बाई असल्यामुळे दूध सोडलं म्हणजे दुधापासून होणारं सगळंच सोडलं. कॉफीऐवजी ती सुंठ-धण्याचा काढा घ्यायची, तो आम्हाला डोकेदुखीवरचा वाटायचा. आई तिच्यासाठी झाकून ठेवायची ती दह्याची वाटी आत्या गुपचूप परत ओतायची, आणि ते दही दुसऱ्या दिवशीच्या कढीत जायचं. एका घरात राहून आहारशास्त्र शिकणाऱ्या मला ती काय खाते, हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मज्जातंतूंना लागणारं एक जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला दुधातूनच मिळतं, तेव्हा दूध प्या. आत्या म्हणाली, ते व्हायचं नाही. बाई म्हणाल्या, मग लिव्हरचं इंजेक्शन. आत्या उठून उभी राहिली. तेव्हा बाईंनी एका लाल औषधाची कुपी दाखवली, बी-बारा जीवनसत्त्वाची. हे कशाचं करतात, असं आत्यानं विचारलं. बुरशीसारखे जीव पिंपात वाढवून करतात, इडलीचं पीठ आंबतं ना तसंच, असं बाईंनी सांगितलं. आत्यानं थोडा विचार केला. “सरी,” म्हणजे बरं, असं ती तमिळमध्ये म्हणाली आणि खाली बसून दंड पुढं केला.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर महिन्याभरात तिचं विसरणं कमी झालं. सहामाहीच्या आधी हेडमिस्ट्रेस बाई तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या, आणि तासभर बसून उठून गेल्या. आत्याचे वर्ग तिच्याकडेच राहिले. मुंग्याही गेल्या. डावं पाऊल मात्र बधिरच राहिलं. ते आता असंच राहणार, चार महिने आधी आणलं असतंत तर पाऊलही सुधारलं असतं, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

ते पोटात ठेवून मी दोन आठवडे काढले. मग एका संध्याकाळी ती वह्या तपासत बसली असताना तिला सगळं सांगून टाकलं. चार महिने माझ्यामुळे गेले, असं म्हटलं. माझं काही चुकलं नाही असं ती म्हणेल, अशी मला आशा होती, हे कबूल करते.

आत्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि बोटांवर महिने मोजले.

“पहिले दोन तुझे,” ती म्हणाली. “तूं मला विचारलं नाहींस. पुढचे दोन माझे. मीं बघून लिहिलें.”

मी तिथंच बसून रडले. तिनं मला रडू दिलं, आणि थोड्या वेळानं निम्म्या वह्या माझ्याकडे सरकवल्या.