धडधड मोजताना वाघ

बाळांनो, फोनवर तुम्ही रोज माझ्या छातीतल्या धडधडीची चौकशी करता, म्हणून लिहिते. ती अजून अधूनमधून येतेच. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, घाबरू नका, चालत राहा. म्हणून सकाळी शेजारणींबरोबर ब्रह्मपुरीबाहेरच्या रस्त्यानं फिरायला जाते. दिवसभरात तेवढीच काय ती माणसांची सोबत.

इकडे वाघ फिरतो, म्हणून आम्ही मोठमोठ्यानं बोलत चालतो. एखादी गप्प होऊन थांबली, की तिला काहीतरी दिसलं असं समजायचं.

परवा धडधड आली. मी शिस्तीनं थांबले, मनगट धरलं, घड्याळात पाहिलं आणि मोजण्यात व्यत्यय नको म्हणून वर "शूऽ" म्हणाले. सगळ्या पळाल्या. त्यांना पळताना पाहून मीही पळाले. वाघाची बातमी माझीच, हे नाक्यावर पोचल्यावर कळलं.

"कुठी दिसला जी बाई?"

"वाघ नाही हो. धडधड होत होती."

"तुमच्या धडधडीपायी आमचा जीव जाईन एखाद्या दिवशी! उद्यापासून घरीच मोजा."

माझा चेहरा पडला. तेव्हा सगळ्यांत थोरली म्हणाली, "येऊ द्या वो त्यायले. पण बाई, थांबल्या का तोंड चालू ठेवा."

आता धडधड आली की मी रस्त्यात उभी राहून खणखणीत आवाजात पाढे म्हणते. त्या नादात ठोके मोजायचे राहूनच जातात. तेव्हा फोनवर ठोके विचारू नका, एकोणतीसचा पाढा विचारा.