मुकादमाचं गाऱ्हाणं

"बरी आसस?"

"बरी आसंय."

"आता खरां सांग."

देवगडच्या आमच्या आंब्याच्या वखारीत मुकादमांचा दिवस असा सुरू व्हायचा. पेट्या भरायला दहाबारा बायका येत, आणि प्रत्येकीला दारातच हा दुहेरी सवाल. पहिल्या उत्तरावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. तुम्ही मुकादम पाहिले असतील ते आरडाओरडा करणारे. हा बुटका माणूस कानावर विडी अडकवून बायकांची दुखणी ऐकत उभा राही.

मी सावंतवाडीहून नुकताच कारकून म्हणून आलेलो. साठ सालाच्या जरा आधीची गोष्ट. चार बुकं जास्त शिकलेलो, म्हणजे डोक्यात हवा भरपूर.

गाऱ्हाणं आपण देवळात घालतो. मुकादम ते वखारीत घालायचे. टोपी काढून, हात जोडून खणखणीत आवाजात: "बा देवा म्हाराजा! ह्या शेवंतीच्या झिलाक ताप इलोसा, तो उतरव रे म्हाराजा!" सगळ्या बायका एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग कुणाच्या सासूची कंबर, कुणाच्या नवऱ्याचं न आलेलं पत्र. यात चांगली पंधरा मिनिटं जायची. पण त्या दिवशी तापल्या मुलासाठी शेवंती लवकर घरी निघाली तर कुणी कुरकुरत नसे. तिच्या राहिलेल्या पेट्या बाकीच्या भरून टाकत. हे मात्र माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

"मुकादम, तिकडे आगबोट सुटेल," मी एकदा फणकारलो. "देवाला एवढं ओरडून कशाला सांगायला हवं?"

"देवाक ऐकाक येता रे," ते म्हणाले. "बाजूच्या माणसाक येणा नाय, म्हणान बोंबलतंय."

अशा माणसाचंही चुकलं. बायकांमध्ये एक जनाक्का होती, एकटी, पोट या कामावरच. प्रत्येक पेटीवर भरणारीची कोळशाची खूण असे, आणि जनाक्काच्या खुणेच्या पेट्यांबद्दल मुंबईहून तक्रारी येऊ लागल्या. हिरव्यात पिकलेला आंबा जाई आणि सगळी पेटी नासे. मुकादमांनी तिला खोदून विचारलं तेव्हा ती रडली. डोळ्यांनी अंधुक दिसत होतं, रंग कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नेमके वखारीचे मालक शेठ आलेले. आणि मुकादमांनी सवयीने गाऱ्हाण्यात घातलं: "ह्या जनाक्काक पिकलेलो आणि हिरवो आंबो दिसणा नाय, तिका दिष्टी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"काय?" शेठ म्हणाले. "आंधळी बाई आंबे निवडते?"

जनाक्का पदर तोंडाशी धरून तडक घरी गेली. शेठनी मला तिचं नाव हजेरीतून काढायला सांगितलं. मी टाक उचललाही होता.

"थांब," मुकादम म्हणाले, आणि तिच्या मागे धावले. तासाभराने तिला घेऊन आले. वखारीत सगळ्यांसमोर तिच्यापुढे हात जोडले. "तुका इचारल्याशिवाय बोललंय. माझी चूक झाली गो." मुकादमाला बाईची माफी मागताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग त्यांनी तिच्यापुढे आंब्यांची मिसळलेली रास ओतली. जनाक्काने एकेक आंबा नाकाशी नेला, देठाशी अंगठा लावला. "ह्यो आज खावचो. ह्यो परवा. ह्यो चार दिसांनी." शेठनी 'आजचा' एक चोखून पाहिला आणि दुसऱ्याला हात घातला. अहो, ही विद्या तिला आधीपासून होती! कुणाला संशय येऊ नये म्हणून बिचारी चारचौघींसारखी डोळ्यांनी निवडत बसली होती.

"हिच्या पेट्यांवर माझी खूण घाला," मुकादम शेठना म्हणाले. "एक तक्रार इली तर माका घराक धाडा."

त्या हंगामात एकही आली नाही.

त्याच पावसाळ्यात मुकादम गेले. साध्या तापाने. पुढच्या हंगामात शेठनी वखार माझ्यावर सोपवली. पहिल्या सकाळी बायका येऊन उभ्या राहिल्या, आणि कामाला कुणी बसेचना. सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी टोपी काढली. "बा देवा म्हाराजा..." म्हणालो आणि अडलो. रोज यांची नावं लिहीत होतो, पण कुणाच्या घरात काय चाललंय, मला एकीचंही ठाऊक नव्हतं. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

तेवढ्यात मागून जनाक्काचा आवाज आला. "बा देवा म्हाराजा! ह्येका अजून आमची म्हायती नाय. पण मनान वायट नाय. ह्येका सांभाळून घेवची बुद्धी आमका दी रे म्हाराजा!"

बायकांनी साथ दिली. मी पहिल्या बाईजवळ गेलो, खोक्यावर बसलो आणि तिच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं. ती सांगत राहिली. त्या दिवशी आमच्या पेट्या आगबोटीवर सगळ्यांत शेवटी चढल्या.