साडूंची एक्केचाळिसावी काच

माझ्या साडूंइतका धुळीला भिणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि नशीब असं की जन्म काढला जालन्यात! मे महिन्यात आमच्याकडे आले की आधी पंखा बंद. "साडूभाऊ, धूळ उडून राह्यली," म्हणायचे, आणि आम्ही सगळे घामानं निथळत त्यांच्यासमोर बसायचो. चहाच्या कपावर बशी झाकायचे. ती उचलून एक घोट, की पुन्हा झाकण. माझ्या बायकोनं एकदा त्यांच्यादेखत चादर झटकली, तर गृहस्थ अंगणात जाऊन उभे राहिले ते जेवायलाच आत आले.

कारण असं, की कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा वडीगोद्रीचा माणूस पीएचडीसाठी दर शनिवारी एसटीनं औरंगाबादला, विद्यापीठात जायचा. तिथं एका पोलादी डब्यातली हवा उपसून काढायची, आत जस्ताच्या ऑक्साइडची वडी ठेवायची आणि तिच्यावर लेसरचे ठोके मारायचे. ठोक्यासरशी वाफ उडते आणि समोरच्या काचेवर कणाकणानं थर बसतो. "केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा," ते सांगायचे. "एवढ्याशासाठी इतका खर्चा?" असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. थर बसत आला की हमखास लाइट जायची आणि काम बिघडायचं. सहा वर्षांत अशा चाळीस काचा वाया गेल्या.

एक्केचाळिसावी साधली. नखाएवढी काच, तिरकी धरली की जांभळट झाक. ती तपासायला पुण्याला न्यायची होती, आणि तोवर दोन दिवस ठेवायला त्यांना उभ्या गावात एकच बिनधुळीची जागा दिसली. मस्तगड भागातल्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर, उघडलेली घड्याळं झाकायची काचेची हंडी होती, ती. "मुदत संपत आली पीएचडीची," ते म्हणाले. "बराबर सांभाळा. हात बिलकुल न्हाई लावायचा."

मी हात लावला नसता हो! पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर चिमटे, भिंग, स्क्रू-ड्रायव्हर मांडले आणि वाटलं, या बिचाऱ्याचं सहा वर्षांचं हत्यार तेवढं बिनपूजेचं राहायचं का? ओल्या बोटानं काचेला हळद लावली, त्यावर कुंकू, अगदी मधोमध. हात जोडून म्हटलं, यंदा यांना डॉक्टर होऊ दे.

संध्याकाळी ते काच न्यायला आले. पाहिलं. चूक माझ्या ध्यानात आली तशी मी म्हटलं, "पुसून देतो जल्दी."

"पुसू नका. थर निघून जाईल. आता ऱ्हाऊ द्या."

मंग तिथंच बसले. पंखा चालू होता. बंद करा म्हणाले नाहीत.

त्याच महिन्यात विद्यापीठातला लेसर बिघडला. त्याचा भाग परदेशातून यायचा, तो आलाच नाही, आणि मुदत संपली. साडू डॉक्टर न होताच रिटायर झाले. काच कशी गेली, हे त्यांनी गाइडला आणि घरातही "माझ्याच हातून" एवढंच सांगितलं. त्यांच्यासमोर बसलो की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या साली ते गेले. तेराव्यानंतर त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, एक डबी घेऊन आली. "तुमालाच द्या म्हणले होते," म्हणाली. आत कापसात ती काच, कुंकू तसंच. खाली त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: "नमुना ४१. थर उत्तम. पूजा झालेला."

काच आता हंडीखाली आहे. कामाला बसताना मी आधी पंखा बंद करतो.