प्रशीलचा ‘शे’

जळगावातल्या मेहरूणच्या प्रशील सुरवाडेचं पोट फ्लेक्सवर चालायचं आणि जीव गेममध्ये अडकलेला. दिवसभर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो भाऊ-दादांना गोरं करायचा. उरल्या वेळात एकट्यानं एक व्हिज्युअल नॉव्हेल उभी केली. म्हणजे चित्र बघायचं, खालचा संवाद वाचायचा, मधूनच दोनांतला एक पर्याय निवडायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट धुरपदाबाईच्या खानावळीची. रस्ता रुंद होतो, खानावळ जाते, गिऱ्हाइकं पांगतात आणि रिकाम्या बाकांसमोर ती अहिराणीत म्हणते, “बठ्ठा गयात, मी शे.” सगळे गेले, मी आहे. हे लिहून प्रशील स्वतःच रडला होता. आता दुसऱ्या कुणीतरी तिथवर खेळून रडावं, एवढीच त्याची इच्छा.

पण तिथवर कुणी जायचंच नाही. गेममधल्या चित्रांसाठी फोटोला फुकटात उभा राहणारा माणूस एकच, मित्र हसनैन. त्यामुळे गिऱ्हाईक हसनैन, तहसीलदार हसनैन, आणि पदर घेऊन धुरपदाबाईही हसनैनच. संगीतात मधूनच घरचा मिक्सर वाजायचा. पर्याय कोणताही निवडा, समोर शेवभाजीच यायची. बोलणं मात्र असं अस्सल, की वाचताना तर्रीचा ठसका लागावा.

धुळ्याच्या एका कॉलेजात गेमची स्पर्धा निघाली. पुण्याच्या एका जाणकारानं सल्ला दिला, ‘शे’ बाहेरच्यांना कळणार नाही, ‘आहे’ करा. प्रशीलनं एका फटक्यात सगळीकडे ‘शे’च्या जागी ‘आहे’ केलं. जुनी प्रत ठेवली नाही; ती ठेवा, असं गिऱ्हाइकांना मात्र तो रोज बजावायचा.

परीक्षक साक्षी मॅडम खेळायला बसल्या. पडद्यावर धुरपदाबाईनं विचारलं, “आहेवभाजी लेशी का आहेंगदानानी चटणी?”

पोरं गोळा झाली. ‘आहेजारीन’ आली तेव्हा तर टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच कुणीतरी गेम शेवटापर्यंत नेला, तोही पोट धरून. प्रशील एका वाक्यासाठी जीव मुठीत धरून उभा. वाक्य आलं: “बठ्ठा गयात, मी आहे.”

कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. मॅडमनी पुढचं बटण दाबून पाहिलं. पुढे काहीच नव्हतं.

“तिथं ‘शे’ होतं, मॅडम,” प्रशील म्हणाला.

मॅडमचं माहेर शिरपूरचं, ‘शे’ त्यांच्या घरचाच. “मग तेच राहू द्यायचं ना, भाऊ,” त्या म्हणाल्या आणि गेमला विनोदी विभागात उत्तेजनार्थ बक्षीस देऊन मोकळ्या झाल्या.

जळगावला परतल्यावर प्रशीलनं तिरमिरीत एका फटक्यात सगळे ‘आहे’ पुन्हा ‘शे’ करून टाकले. शेवभाजी परत आली, शेजारीन आली, धुरपदाबाईचं वाक्यही आलं. आणि तहसीलदार, जो बिचारा पहिल्यापासून शुद्ध मराठीत बोलायचा, तोही म्हणाला, “आपला अर्ज अपूर्ण शे.”

प्रशीलनं कपाळावर हात मारला.

“राहू दे ना यार,” हसनैन म्हणाला, “पहिल्यांदाच साहेब आपल्यासारखा बोलतोय.”

प्रशीलनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. साहेबाचा एकेक ‘शे’ शोधून तो हातानं खोडायला बसला होता.