हरभऱ्याच्या वाटणीचं गोडं पाणी

आमच्या दर्यापूरकडच्या भागात विहिरींना पाणी आहे, पण ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन वरून पांढरी पडते. म्हणून हरभरा आम्ही पावसाच्या मुरलेल्या ओलीवरच काढतो. नेमका फुलावर आला की ही ओल सरते, जमिनीला भेगा पडतात आणि मुळाशी टाकलेलं खत नुसतं पडून राहतं. अशा वेळी पिकाला वरून, पानांतून खाऊ घालावं लागतं. खताचं पाणी करायचं आणि फवारायचं. आज हे मला इतकं सोपं वाटतं, की लग्न होऊन आले तेव्हाची मी आठवली की माझं मलाच हसू येतं.

माझं माहेर हिवरखेडकडचं. संत्र्याची बाग, गोड्या पाण्याची विहीर, आणि त्या विहिरीचा सगळा तोरा माझ्या नाकावर. सासऱ्यांनी सांगितलं होतं, हरभऱ्यावर युरियाचं पाणी मारायचं, संध्याकाळी. पाणी घरून न्यायचं हे सांगितलं नाही, कारण ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी पडले हुशार! भर दुपारी पंप पाठीवर घेतला, शेतातल्याच विहिरीचं पाणी भरलं, युरिया मोकळ्या हाताने ओतला, आणि शेजारच्या शेतातल्या बायांनी बघावं म्हणून पदर खोचून तुरुतुरु सगळी तासं, पिकाच्या ओळीन् ओळी, संपवली. दोन दिवसांत पानांच्या कडा पापडासारख्या झाल्या. सासूबाईंनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून एक डहाळी उपटली.

"सूनबाई, हरभरा काढल्यावर भाजतेत वं. तू तं उभाच भाजला!"

पुढे कितीतरी दिवस गावातल्या बाया मला फुटाणेवाली म्हणायच्या. मीही ऐटीत 'ओ' द्यायची. दुसरं करणार काय?

मागच्या हंगामात तीच वेळ माझ्या सुनेवर आली. या ओलीत हरभरा तगणार नाही, रान मोकळं राहू द्या, असं माझ्या मुलाचं म्हणणं. तिने भांडून पेरला. शेतातली पहिली गोष्ट तिने स्वतःच्या शब्दावर केलेली. पीक फुलावर आलं आणि मार्गशीर्ष असूनही दुपारी ऊन चटके देऊ लागलं. पिकाचा रंग उतरला, खाली फुलं गळून पडू लागली. सुनेने रात्री डीएपी खत भिजत घातलं, सकाळी वरचं निवळ पाणी कापडातून गाळून घेतलं. इथवर सगळं बरोबर. अडलं ते फवाऱ्यात घालायच्या पाण्यावर. गोडं पाणी होतं ते अंगणातल्या टाक्यात, पावसाळ्यात पत्र्यावरून उतरवलेलं. तेही आता तळाला गेलेलं, पिण्यापुरतं आणि डाळीपुरतं. नळ कधी येईल याचा भरवसा नाही.

"विहिरीचं मार ना," मुलगा तिला म्हणाला. "पान काय पाणी चाखून पाह्यते?"

तो बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "आई, टाकं उपसलं अन् हरभराही गेला, तं हे मले जन्मभर ऐकवतीन."

"अन् नाही उपसलं तं?"

मी चुलीशी गेले आणि मुलासाठी चहा ठेवला. साखर, आलं, दूध, काही कमी केलं नाही. तो परत आला, मोठा घोट घेतला आणि तसाच अंगणात थुंकला.

"हे काय हाये, माय?"

"विहिरीचं पाणी हाये. तुले तोंड हाये, तू थुंकला. त्या पानानं कुठं थुंकावं?"

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगा कप तिथेच ठेवून टाक्याचं झाकण काढायला गेला.

ऊन उतरल्यावर आम्ही तिघं ड्रम घेऊन शेतात गेलो. सुनेने पंप पाठीवर घेतला, मी धुऱ्यावरून हुकूम सोडू लागले. "पानं ओली कर वं, आंघोळ नको घालू!"

"तुमी चूप बसा, फुटाणेवाल्या बाई," ती न थांबता म्हणाली. हे नाव तिला कोणी सांगितलं, देव जाणे. मीच सांगितलं असेल.

नळ येईपर्यंत घरात डाळीचं नाव कोणी काढलं नाही. झुणका-भाकर खाल्ली, प्यायचं पाणी शेजारणीकडून मागून आणलं. उताराच्या अंगाला, जिथे जमीन फार तडकली होती, तिथलं पीक गेलंच. फवारा म्हणजे काही पाऊस नव्हे, हे मी तिला आधीच बजावलं होतं. पण बाकीच्या शेतात फुलं टिकली, त्यांचे घाटे धरले, आणि दाबून पाहावं तर दाण्यांनी टच्च भरलेले.

मुलगा एकटाच शेताला फेरी मारून आला. ओसरीवरून आत डोकावून बायकोला म्हणाला, "पुढच्या साली तूर बी तूच पाह्यशील का?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहीन. पण मधात बोलाचं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काहून पाहून राहिला?" मी म्हटलं. "तिले हो म्हण."